कडा, मचाण आणि वाळू
ओढ बाहेरची : लेखांक पाचवा

गेल्या लेखात आपण पायी चालण्याच्या जुन्या परंपरा पाहिल्या. तो वाचून एका वाचकाने विचारलं, "वारीला जाणारा कळतो, घाट उतरून बाजाराला जाणारा कळतो. पण सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक मारून डोंगरात जाणाऱ्याचं काय? आणि डोंगर काय, जंगल काय, समुद्र काय, शेवटी सगळा हवापालटच ना?" प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर दुसऱ्या भागात दडलंय. या तिन्ही ठिकाणांहून माणूस एकच गोष्ट आणत नाही.

आधी डोंगर. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चढून गडावर पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि पोटऱ्या बोलायला लागतात. पण कोकणकड्यावर आलेला माणूस दम खायला बसत नाही. पालथा पडतो, कोपरांवर सरकत कडेपर्यंत जातो आणि खाली डोकावतो. खालून वारा तोंडावर येतो, तळाशी कोकण पसरलेलं असतं. पावसाळ्यात नशीब जोरावर असेल, म्हणजे दरीत धुकं आणि पाठीशी ऊन असेल, तर इंद्रवज्रही दिसतं : गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. काळोख पडला की हीच मंडळी देवळाजवळच्या गुहेत पथारी पसरतात आणि घरच्या गादीवर लागत नाही अशी झोप काढतात.

कडा आणि गुहा ही जोडी आपल्याला इतकी का भावते? जे अ‍ॅपलटन या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९७५ साली एक उपपत्ती मांडली. जिथून आपल्याला लांबवर दिसतं, पण आपण कुणाला सहज दिसत नाही, अशी जागा माणसाला उपजतच आवडते, असं तो म्हणतो. शिकार करणाऱ्या आणि स्वतः शिकार होऊ शकणाऱ्या प्राण्याला दोन्ही लागतं : टेहळणी आणि आडोसा. उपपत्ती सिद्ध झाली असं कुणी म्हणणार नाही. पण आपले गड बांधणाऱ्यांनी बुरूज आणि तटबंदी उभारताना हाच हिशेब केला होता. फरक इतकाच की त्यांना शत्रू दिसायला हवा होता, आपल्याला नुसतं लांबचं दिसलं तरी पुरतं. दिवसभर हातभर अंतरावरच्या पडद्याकडे बघणाऱ्या डोळ्यांना कोकणकडा मानवतो तो यामुळे.

जंगलात हे सुख नाही. तिथे चार झाडांपलीकडचं दिसत नाही, म्हणून काम कानांवर येतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजण्याची पद्धत होती. आता वाघांची मोजदाद कॅमेऱ्यांनी होते आणि त्या रात्रीच्या मोजणीला शास्त्रीय महत्त्व उरलेलं नाही. तरी मेळघाटात, ताडोब्याच्या आसपास लोक पैसे भरून मचाणावर बसतात. वनविभागाने या उपक्रमाला नावही नेमकं दिलंय : निसर्गानुभव.

मी एकदा बसलो होतो. सांगण्यासारखं म्हणाल तर रात्रभर काहीच घडलं नाही. पण वाळक्या सागपानांवरून मुंगूस गेलं की रानडुक्कर, हे पहाटेपर्यंत मला न बघता सांगता येऊ लागलं होतं. मध्यरात्री एकदा चितळाने धोक्याची हाक दिली, मग झाडावरचं वानर खकारलं, आणि पुढची पंधरा मिनिटं पाणवठ्यावर कुणी फिरकलं नाही. काय आलं होतं ते दिसलंच नाही. पण त्या पंधरा मिनिटांत, या रानात आपण एक जनावर आहोत आणि तेही फारसं हुशार नाही, हे पक्कं समजलं.

समुद्र तिसरंच काही देतो. तिथे चढायचं नाही, कान टवकारायचे नाहीत. रेचल आणि स्टीव्हन कापलान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९च्या आपल्या ग्रंथात लक्षाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, आपण ओढूनताणून लावलेलं. हिशेब करताना, गाडी चालवताना लागतं ते. ते थकतं. दुसरं, आपोआप लागणारं. लाटांकडे, ढगांकडे, चुलीतल्या जाळाकडे बघताना लागतं ते. हे चालू असतं तेव्हा पहिल्याला विसावा मिळतो. लाट येते, फुटते, परत जाते. तिच्याकडे बघितलं काय, न बघितलं काय, काही बिघडत नाही.

शिवाय समुद्र आपल्या घड्याळाला जुमानत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. कोळी तिथीवरून तिची वेळ सांगतो, आपण मोबाइलवर शोधतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला लोक पहाटेच उठून किनाऱ्यावर जातात. कार्यकर्ते घरट्यावर झाकलेली टोपली उचलतात; कधी खाली पन्नास पिल्लं वळवळत असतात, कधी एकही नसतं. रिकाम्या हाताने परतलेले लोक गावात चहा पितात आणि संध्याकाळी पुन्हा दोरीमागे उभे राहतात. इतका धीर त्यांनी बँकेच्या रांगेत कधी धरला नसेल.

इथे एक सावधगिरी. रॉजर उलरिच यांचा १९८४चा अभ्यास अशा चर्चेत नेहमी निघतो. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे आधी घरी गेले. दुसऱ्या गटाच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. रुग्ण होते अवघे ४६. तुलना झाड आणि भिंत यांची होती. कडा बरा की किनारा, हे त्यातून कळत नाही.

ते मला कळलं हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी असलेल्या पाचनईच्या एका वाटाड्याकडून. गड उतरताना त्याने विचारलं, "दादा, तुम्ही येवढ्या लांबून काय बघाया येता हितं?" मी कड्याचं वर्णन सुरू केलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी मंबईला आलो ना, तर आधी समुद्र बघनार. डोंगार काय, रोजचाच हाय." रोजच्या जगण्यात जे मिळत नाही, त्याच्याकडे माणूस ओढला जातो, मग तो राहायला कुठेही असो.

म्हणून पुढची सुट्टी ठरवताना, सगळे कुठे जातात हे विचारू नका. आपलं काय थकलंय ते विचारा. नजर कोंडली असेल तर कडा, कान किटले असतील तर रान, डोकं शिणलं असेल तर किनारा. आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. हजार माणसांच्या रांगेत उभं राहून कड्यावरून पुढच्याची सॅक तेवढी दिसते.

पुढच्या लेखात पाहू पहिला पाऊस, आणि मातीला येणाऱ्या वासाचं कारण.