सायकलची हवा जाते कुठे?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची पंगत बसते. त्या पंगतीत सायकलच्या चाकातील हवेला पान मांडावे, याचे कोणाला हसू येईल. पण तारकर्लीहून सकाळी मालवणच्या शाळेला निघालेल्या मुलाला विचारा, किंवा कॅरिअरवर मासळीची टोपली बांधून वाडीवाडीने फिरणाऱ्या विक्रेत्याला विचारा. सहासात किलोमीटरची वाट, डोक्यावर चढते ऊन, आणि चाक बसलेले! शाळेची घंटा थांबत नाही आणि मासळीही थांबत नाही. म्हणून हा विषय लहान असला तरी क्षुल्लक नव्हे.

हवा गेली म्हणजे पंक्चर झाले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो अपुरा आहे. चाकातून हवा जाण्याच्या वाटा तीन : रबरातून, व्हॉल्व्हमधून आणि भोकातून. यांपैकी कोणती वाट, हे ओळखण्याची पहिली खूण म्हणजे वेळ. हवा काही मिनिटांत गेली तर बहुधा भोक समजावे. रात्रीतून गेली तर व्हॉल्व्हवर किंवा अगदी बारीक भोकावर संशय घ्यावा. पण पंधरवड्यात, महिन्यात चाक हळूहळू मऊ पडले, तर दोष कशाचाच नाही. तो रबराचा स्वभाव आहे.

हा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. आंगणेवाडीच्या जत्रेत घेतलेला फुगा दोन दिवसांत सुरकुततो. त्याची गाठ सुटलेली नसते, त्याला भोकही नसते. मग हवा गेली कोठे? माठातून पाणी पाझरते ते सूक्ष्म छिद्रांतून; रबराची गोष्ट निराळी आहे. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये याचा उलगडा केला. वायू रबरात आतल्या बाजूने विरघळतो, मीठ पाण्यात विरघळावे तसा. रबराच्या अंगातून वाट काढतो आणि बाहेरच्या बाजूने निसटतो. आपल्या सायकलच्या चाकात बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला साधारण ४० ते ५० पौंड दाब अधिक असतो. एवढा रेटा पाठीशी असल्यावर हवेने वाट काढली तर नवल नाही.

सगळे वायू सारख्या वेगाने जात नाहीत. नैसर्गिक रबरातून प्राणवायू नायट्रोजनपेक्षा जलद जातो आणि कार्बन डायऑक्साइड त्याहूनही जलद. दोडामार्गकडील बागांत झाडाच्या चिकापासून मिळते ते हेच नैसर्गिक रबर. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्यूटिल नावाचे कृत्रिम रबर तयार झाले. त्यातून हवा नैसर्गिक रबराच्या सुमारे दशांशानेच जाते, म्हणून आज बहुतेक ट्यूबा ब्यूटिलच्या असतात. तरीही गळती शून्य होत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा पंप मारणे ही दुरुस्ती नव्हे; रोपाला पाणी घालावे तशी ती नित्याची निगा आहे.

दुसरी वाट व्हॉल्व्हची. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर रबराची एक इवलीशी नळी चढविलेली असते, तिला आपण वालट्यूब म्हणतो. उन्हाने आणि काळाने ती कडक होते, तडकते. चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणावा आणि पाण्याने भरलेली वाटी खालून वर धरून त्यात तो बुडवावा. बुडबुडे आले तर नवी वालट्यूब घालावी. काम दोन मिनिटांचे, खर्च नाममात्र. आणि पुष्कळदा ‘पंक्चर सापडत नाही’ या तक्रारीचे मूळ येथेच असते.

तिसरी वाट भोकाची. ट्यूब बाहेर काढण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या जागी टायरवर खडूची खूण करावी. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात वीतवीत फिरवावी. भोक सापडताच ते बुजविण्याची घाई करू नये. आधी ते कोठे आहे हे पाहावे, कारण जागाच अपराधी सांगते. रस्त्याच्या बाजूला भोक असेल तर काटा, खिळा किंवा काच. रिमच्या बाजूला असेल तर स्पोकचे टोक, किंवा फाटलेली रिमपट्टी. शेजारीशेजारी दोन काप असतील तर हवा कमी ठेवून चाक जांभ्या दगडावर आदळले आणि ट्यूब मध्ये चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटले असेल तर मऊ चाकात ट्यूब सरकली. म्हणजे शेवटची दोन भोके हवेच्या हयगयीतूनच जन्मतात!

आता ठिगळ. भोकाभोवतीची जागा काचकागदाने घासून खरखरीत करावी, सोल्यूशन पातळ लावावे आणि ते सुकेपर्यंत थांबावे. ओल्यावर ठिगळ लावले की ते हमखास सुटते. नंतर ठिगळ बसवून जोराने दाबावे. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवावे, खुणेवरून भोकासमोरची जागा पाहावी आणि रुतलेला काटा काढावा. तो राहिला तर नवे ठिगळ व्यर्थ.

आपल्या किनाऱ्याला आणखी दोन शत्रू आहेत, मीठ आणि वाळू. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी रिम गंजते आणि गंजाचे खवले रिमपट्टी कुरतडतात. टायरमध्ये शिरलेली पुळणीची वाळू काचकागदासारखी ट्यूब घासते. ओहोटीला ओल्या, घट्ट पुळणीवरून सायकल हाकण्यात मौज आहे; पण घरी येताच चाके गोड्या पाण्याने धुवून कोरडी करावीत, आणि ट्यूब काढाल तेव्हा रिमचा गंज घासून नवी पट्टी घालावी.

तात्पर्य, चाक बसले की प्रथम दुकान शोधू नका. ‘किती वेळात बसले?’ हे स्वतःला विचारा. त्या उत्तरावर पंप, वालट्यूब की ठिगळ, हे ठरते. आणि दर आठवड्याला अंगठ्याने चाक दाबून पाहण्याची सवय मुलांना लावा. त्या सवयीने वाटेवरची निम्मी अडवणूक घरच्या अंगणातच टळेल.