एका बटणाची चावी

माझ्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर मराठी म्हणजे रिकाम्या चौकटींची रांग असायची. वाशिंदच्या फलाटावर कसारा लोकलची वाट पाहताना घरचा मेसेज उघडावा, तर एक अक्षर लागू नये. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट आला तो ४.० या आवृत्तीत, २०११ साली. त्याआधीच्या फोनमध्ये तो घालायचा, तर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये शिरावं लागे, आणि तिथे लिहिण्याची परवानगी फोनच्या मालकालाही नसे. ती मिळवणं म्हणजे फोन ‘रूट’ करणं. एवढं करूनही पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडे, जोडाक्षरं फुटत. तरी मला केवढा आनंद झाला होता!

हे काम एका बटणात करून देणारी ॲप तेव्हा मिळत. पण त्यांच्याकडे सिस्टिमची चावी कधीच नव्हती. त्यांना भिंतीतलं भोक, म्हणजे सिस्टिममधली एखादी चूक, ठाऊक असे. २०१४ च्या जूनमध्ये हॅकर जॉर्ज हॉट्झने काढलेलं ‘टॉवेलरूट’ हे त्यांतलं गाजलेलं. अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलच्या फ्युटेक्स या भागातल्या चुकीवर ते चाले. ३ जून २०१४ नंतर बांधलेल्या कर्नलवर ते चाललं नाही. भोक बुजलं की बटण निकामी. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला अशी भोकं बुजवू लागलं.

पण खरा फरक पुढे पडला. फोन सुरू होताना चिपमधला कोड बूटलोडरची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, सही तपासतो, आणि बूटलोडर कर्नलची. सिस्टिमचा प्रत्येक तुकडा वाचतानाच ताडून पाहिला जातो. अँड्रॉइड ७ पासून ही तपासणी सक्तीची झाली. समजा, एखाद्या ॲपला नवं भोक सापडलंच, तरी एसईलिनक्स ही कर्नलमधली पहारा यंत्रणा त्याचे हात बांधून ठेवते. त्यातूनही सुटून त्याने सिस्टिममध्ये एक फॉन्ट जरी बदलला, तरी तो तुकडा तपासणीत नापास होतो.

आता रीतसर वाट एकच: कंपनीने मुभा दिली असेल तर बूटलोडर अनलॉक करायचा, त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, मग ‘मॅजिस्क’सारख्या रूट करण्याच्या साधनाने बूट इमेज, म्हणजे कर्नल असलेली फाइल, बदलायची. त्यानंतर बँकेची ॲप अनेकदा उघडत नाहीत. आमच्या शहापूर-मुरबाडकडे भाजीचे पैसेही यूपीआयवर येतात. तिथे ही किंमत जड आहे. ज्या फोनमध्ये पैसे आहेत, त्याची भोकं बुजलीच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. मात्र कंपनीने अपडेट थांबवलेल्या फोनचं कुलूप उघडण्याचा हक्क मालकाला हवाच. ‘एका क्लिकमध्ये रूट’ म्हणणारी अनोळखी ॲप त्यासाठी कुणी टाकू नयेत. फोन उघडत नाही, आणि आपण मात्र परक्याला आत घेतलेलं असतं.