पटावरून उतरलेल्या बैलाचे पुढे काय?

शंकरपटात पहिली आलेली जोडी कोणाची, हे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक असते. त्या जोडीतले बैल सहा वर्षांनी कोठे आहेत, असे विचारले तर मात्र फार थोड्यांना उत्तर देता येते. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. तो कास्तकाराचा आहे तितकाच शहरात राहणाऱ्या आपणा सर्वांचा आहे; कारण पटाच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथून गेलेले लोक काही कमी नसतात.

प्रथम वयाचा हिशेब पाहू. बैल चांगला सांभाळला तर पंधरा ते वीस वर्षे जगतो. चौथ्या-पाचव्या वर्षी त्याचे पुढचे आठही दात जुळतात आणि तो अंगात येतो. दहाव्या वर्षाच्या आसपास त्याचा वेग ओसरू लागतो. पटाचे मैदान सेकंदाच्या भागावर चालते. तेथे अर्धा सेकंद मागे पडलेला बैल मालकाच्या दृष्टीने संपतो. पण बैल संपलेला नसतो. त्याच्या पुढे आणखी पाच-सात, कदाचित आठ वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. त्या वर्षांचा चारा कोणी घालायचा, एवढाच हा प्रश्न आहे.

पटाचा बैल आणि औताचा बैल यांत फरक आहे, तो समजून घेतला पाहिजे. विदर्भात पटाच्या हलक्या गाडीला दोन बैल जुंपतात. कोठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडतात, कोठे एकेक जोडी सोडून घड्याळावर वेळ मोजतात. गाडीवरच्या धुरकऱ्याचा इशारा मिळाला की सारे बळ काही सेकंदांत ओतायचे, हीच त्या बैलाची शिकवण. औताचा बैल दिवसभर एका चालीने वखर ओढतो. पटाच्या बैलाला ती चाल कधी शिकवलेलीच नसते. त्याला खुराकही वेगळा असतो. घरातल्या पोराला दूध मिळो न मिळो, पटाच्या बैलाला मिळते. म्हणून तो अंगाने चकचकीत, मनाने उतावळा आणि गर्दीच्या आवाजाने अंग थरारणारा असा प्राणी बनतो. त्याचे पटावरचे नाव गेले म्हणजे हे गुण त्याच्या आड येऊ लागतात. औताला तो सरळ चालत नाही, आणि नुसता बांधून ठेवावा तर खातो फार.

आता कायदा पाहू. केंद्र सरकारने २०११ साली करमणुकीसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद ठरवल्या. महाराष्ट्राने २०१७ साली आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. अटींचा रोख शर्यतीच्या दिवसाकडे आहे: परवानगी, डॉक्टरची तपासणी, मारझोड नको, इजा नको. त्या चांगल्याच आहेत. पण शर्यतीचा दिवस मावळतो आणि बैलाचे आयुष्य पुढे चालूच राहते.

याच्या जोडीला दुसरा कायदा आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीप्रमाणेच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे. तो वाद येथे नको. परिणाम एवढाच सांगतो, की म्हाताऱ्या बैलाचा बाजार गेला आणि खर्च राहिला. ज्याला खर्च झेपत नाही, तो रात्री दावे सोडून देतो. मग तोच बैल आपल्याला रस्त्यावर बसलेला दिसतो. जनावर उपाशी मरेल अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! कडब्याच्या चार पेंढ्यांचीही ही किंमत नव्हे. तात्पर्य, कायद्याने दोन दारे बंद केली, पण गोठ्याचे दार उघडून दिले नाही. ते माणसांनीच उघडायचे आहे.

इतर देशांत हा प्रश्न दुसऱ्या एका प्राण्याच्या बाबतीत उभा राहिला. ग्रेहाउंड नावाचे उंच, सडपातळ, ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारे कुत्रे आहे. १९१९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे यांत्रिक सशामागे ही कुत्री पळवण्याची शर्यत सुरू झाली आणि १९२६ साली ती इंग्लंडात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर आली. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. आठवडाभर मागावर उभा राहणारा कामगार संध्याकाळी तेथे पैज लावी. हे कुत्रे दीड वर्षाचे होताच पळू लागते, चार-पाच वर्षांचे होईतो निवृत्त होते आणि त्यानंतर सात-आठ वर्षे सहज जगते. हिशेब आपल्या बैलासारखाच आहे! इंग्लंडात निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देण्यासाठी एक विश्वस्त संस्था निघाली. २०१८ साली मकाव येथील शर्यतीचे मैदान बंद झाले तेव्हा पाचशेहून अधिक कुत्री मागे राहिली. प्राणिमित्रांनी खटपट करून देशोदेशी त्यांची घरे शोधली. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात त्याच वर्षी मतदारांनी कौल दिला आणि २०२० अखेर तेथील या शर्यती थांबल्या.

या खटपटीतून जे ज्ञान जमले ते आपल्याही उपयोगाचे आहे. शर्यतीच्या कुत्र्याने कधी जिना पाहिलेला नसतो, काचेचे दार ओळखीचे नसते. लहान प्राणी पळताना दिसला की ते धावणारच. म्हणून त्याला मोकळ्या जागी दोरीवाचून सोडत नाहीत. पण हेच वेगवान जनावर घरात दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढते! ज्यांनी त्याला धीराने चार-सहा महिने दिले, त्यांना शांत सोबती मिळाला. शर्यत ही जनावराची सवय आहे, ते त्याचे सबंध आयुष्य नव्हे, हा त्यातला बोध.

आपल्याकडे ही कल्पना परकी आहे असे कोणी समजू नये. १८३२ साली मुंबईत बेवारशी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मोठा दंगा झाला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीचंद अमीचंद आदींच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली, आणि व्यापाऱ्यांनी मालाच्या व्यवहारावर लागा बसवून तिचा खर्च चालवला. म्हणजे ज्या बाजारात नफा होतो, त्याच बाजाराने निकामी जनावराचा वाटा वेगळा काढायचा. शंकरपटाच्या आयोजकांनी बक्षिसांच्या रकमेतून असा थोडा लागा काढला तर त्यात नवे काही नाही. जुन्याच चालीची ती उजळणी होईल.

आता प्रत्यक्ष बैल घरी आणण्याविषयी. पहिली गोष्ट, तपासणी. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे आठ पाहावे, ते झिजून बुटके झाले असतील तर वय बरेच झाले. त्याला कठीण जमिनीवर चालवून पाहावा, म्हणजे लंगडेपणा लपत नाही. खांद्यावर गाठ किंवा जुनी सूज आहे का, शेपटी पिरगाळून हाड दुखावले आहे का, मांडीवर आरीचे वण आहेत का, हे हाताने चाचपावे. कानातला बारा आकडी बिल्ला आणि त्याची नोंद आपल्या नावावर करून घ्यावी. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी या रोगांच्या लसी कधी झाल्या, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. २०२२ च्या लम्पीच्या साथीने आपल्या भागातले किती गोठे रिकामे केले, हे कोणी विसरलेले नाही. जनावर खच्ची केलेले नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचे ठरवावे.

दुसरी गोष्ट, खुराक. मालकाने रोज जे धान्य आणि ढेप घातली, ती एका दिवसात बंद करू नये आणि प्रेमाने वाढवूही नये. बैलाच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जंतू चारा कुजवून पचवतात. धान्य फार झाले तर तेथे आम्ल वाढते आणि जनावर पोट धरून बसते, प्रसंगी दगावते. खुराक बदलला तर त्या जंतूंनाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत धान्य हळूहळू कमी करून कडबा, तुरीचे व सोयाबीनचे कुटार आणि मिळेल तेव्हा हिरवा चारा यांवर त्याला आणावा. चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ ते दहा किलो कोरडा चारा लागतो. पाणी ऋतुमानाप्रमाणे चाळीस ते साठ लिटर, आणि मीठ व खनिज मिश्रण थोडे.

तिसरी गोष्ट, काम. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर हलके काम बैलाला मानवते. नुसता खुंट्याला बांधलेला बैल हातापायांनी आखडतो. पण पहिल्याच दिवशी त्याला बंडीला जुंपू नये. जू खांद्यावर आले म्हणजे पळायचे, एवढेच त्याला ठाऊक! म्हणून आधी रिकाम्या जुवाने एखाद्या संथ, वयस्क बैलाशेजारी चालवावा, मग वखर, मग डवरा. सकाळचा एक तास पुष्कळ झाला. शिट्ट्या, वाजंत्री, गर्दी यांपासून त्याला काही महिने दूर ठेवावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जोडी शक्यतो फोडू नये. वर्षानुवर्षे एका जुवाखाली चाललेल्या बैलांपैकी एक नेला तर मागे राहिलेला चारा सोडतो, हंबरतो, हे कोणीही कास्तकार सांगेल. दोन नेणे झेपत नसेल तर निदान दुसऱ्या जनावराची सोबत असलेला गोठा त्याला द्यावा.

यावर शहरातला वाचक म्हणेल, मला गोठाच नाही. त्यासाठी संघटनेचा मार्ग आहे. कामगार चळवळीत एकट्याला जे जमत नाही ते आम्ही वर्गणीने करतो. बैल कास्तकाराच्या गोठ्यातच राहू द्यावा. दत्तक घ्यायचा तो त्याचा खर्च. राज्य सरकारने २०२४ साली गोशाळांतील देशी गायींसाठी दर गायीमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवले. तोच आकडा धरला तर वर्षाचे १८,२५० रुपये होतात. प्रत्यक्षात खर्च दुप्पट आला असे धरू, म्हणजे ३६,५०० रुपये. दहा घरांनी वाटून घेतला तर महिन्याला घरटी सुमारे तीनशे चार रुपये पडतात. बदल्यात बैल रोज दहा-पंधरा किलो शेण देतो. त्याचे खत शेताला होते, म्हणून कास्तकाराचाही त्यात लाभ आहे. मात्र करार कागदावर असावा: बैल विकायचा नाही, पुन्हा पटावर न्यायचा नाही, आजारात डॉक्टर कोणी आणायचा, आणि वर्गणीदारांपैकी कोणीतरी महिन्यातून एकदा जाऊन बैल डोळ्यांनी पाहायचा. तोंडी दिलेल्या शब्दाचे काय होते, हे मी जिनिंगच्या हंगामी कामगारांत तीस वर्षे पाहत आलो आहे. हंगाम असतो तोवर मालक नावाने हाक मारतो. कापूस संपला की तेच नाव हजेरीपटावरून निघते.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. "माणसांना पेन्शन नाही आणि तुम्ही बैलाची चिंता करता!" असे माझेच सहकारी मला म्हणतात. आक्षेप खोटा नाही. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन ठरली ती महिना एक हजार रुपये. ती वाढावी म्हणून याच बुलढाण्यात पेन्शनरांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केले. गुढीपाडव्याला साल सुटलेला म्हातारा सालदार कोणाच्या दारी जातो, हेही आपण जाणतो. पण मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. ज्याच्या बळावर आपण नफा किंवा नाव मिळवले, त्याचे बळ ओसरल्यावर त्याला दारातून हाकलायचे नाही, हे तत्त्व एकच आहे. जो समाज ते बैलाच्या बाबतीत सहज मोडतो, त्याचा हात माणसाच्या बाबतीतही कचरत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. बैलाची सुटी त्याहून फार जुनी आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतात, दुसऱ्या दिवशी त्याला सजवून तोरणाखाली नेतात, घरी ओवाळून पुरणपोळी भरवतात आणि त्याला घेऊन येणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवतात. कामकऱ्याचा एक दिवस पाळणारा हा समाज त्याची अखेरची सात-आठ वर्षेही पाळू शकेल. पुढच्या पोळ्याला आपल्या आळीतल्या दहा घरांनी एकत्र बसावे, जवळच्या गावातला पटावरून उतरलेला एक बैल निवडावा आणि वर्गणीची वही उघडावी. पहिल्या पानावर बैलाचे नाव लिहावे, आणि त्याखाली आपली.