‘माझा’तला झ, ‘माझी’तला झ

‘माझा’ आणि ‘माझी’ या दोन शब्दांतला ‘झ’ एक नाही, हे मराठी माणसाला सांगितलं तर आधी पटत नाही. मग तो दोन्ही शब्द सावकाश उच्चारून बघतो, जीभ कुठे टेकते ते तपासतो आणि चमकतो. ‘माझा’च्या वेळी ती दातांमागे असते, ‘माझी’च्या वेळी टाळूकडे सरकते. लिपीत याची खूण नाही. मराठी शिकवणारे छोटे व्हिडिओ यंत्राच्या आवाजात करायला घेतल्यापासून माझा बराचसा वेळ अशा न लिहिलेल्या खुणांमागे जातो.

आमचा धडा दीड मिनिटाचा. बघणारे म्हणजे बदली होऊन आलेले बँक अधिकारी, रुग्णालयातल्या नर्स, सोसायट्यांचे वॉचमन. घरी हिंदी, मल्याळम किंवा ओडिया बोलणारे. एका धड्यात एक प्रसंग आणि जेमतेम तीन वाक्यं: रिक्षात बसल्यावर, भाजी घेताना, काउंटरवर पासबुक मागताना. मजकूर एक निवृत्त शिक्षिका लिहितात, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. चित्रं आणि जोडकाम माझ्याकडे.

मराठी बोलणारं यंत्र आता दुर्मीळ राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत आरोही आणि मनोहर नावाचे दोन मराठी आवाज आहेत, गुगलकडेही आहेत, आणि आयआयटी मद्रासमधल्या ‘एआय४भारत’ या गटाने भारतीय भाषांसाठी आपलं काम सगळ्यांना खुलं ठेवलं आहे. मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, काही सेकंदांत आवाज हजर. कोणता आवाज कुठे चुकतो हे नाव घेऊन सांगण्यात अर्थ नाही, ते दर काही महिन्यांनी बदलतं. चुकण्याच्या जागा मात्र बऱ्याच काळापासून त्याच आहेत.

पहिली जागा च, ज आणि झ यांची. पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार तालव्य होतो, एवढा नियम सरळ आहे. पण पुढे ‘अ’ किंवा ‘आ’ आला की सगळं पाठांतरावर. ‘चार’ तालव्य, ‘चाक’ दंत्य. ‘जन्म’ तालव्य, ‘जागा’ दंत्य. माणसांची ध्वनिमुद्रणं ऐकून शिकलेलं यंत्र रोजचे शब्द बरोबर म्हणतं. अडतं ते कमी वापराच्या शब्दांवर, किंवा एकाच लेखनात दोन शब्द लपलेले असतात तिथे. स्वयंपाकघराच्या धड्यात ‘पाण्याचा जग इकडे द्या’ असं वाक्य होतं. यंत्राने पाण्याचं अख्खं विश्वच मागितलं. आम्हाला हसू आलं, पण शिकणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही कळलं नसतं. त्याने तोच उच्चार उचलला असता. यंत्राच्या चुकीत खरा धोका हाच. ती आत्मविश्वासाने, स्वच्छ आवाजात केलेली असते.

दुसरी जागा हिंदीच्या सावलीची. देवनागरी दोघींची एकच, आणि यंत्राने हिंदी खूप जास्त ऐकलेली. त्यामुळे कधी ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ होतं, ‘ऐक’मधला ‘ऐ’ हिंदीतल्या ‘है’सारखा चपटा होतो. ‘सिंह’, ‘संशय’, ‘संवाद’ यांतला अनुस्वार आपण नाकातून व-कारासारखा काढतो. यंत्र तिथे सरळ ‘न’ किंवा ‘म’ ठेवून मोकळं होतं.

यावर उपाय म्हणून एसएसएमएल नावाची खुणांची भाषा आहे, २००४ साली प्रमाणित झालेली. तिच्यात शब्दाचा उच्चार ध्वनिलिपीत लिहून देता येतो. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात प्रत्येक आवाज सगळ्या खुणा मानतोच असं नाही. म्हणून आम्ही गावठी मार्ग धरला: तक्त्यात दोन रकाने. एकात पडद्यावर दिसणारा मजकूर, प्रमाण लेखनात. दुसऱ्यात फक्त यंत्राने वाचायचा मजकूर, उच्चाराबरहुकूम वाकवलेला. तिथे ‘ज्ञान’ असतं ‘द्न्यान’, ‘सिंह’ असतो ‘सिंव्ह’, आणि पाण्याच्या जगाच्या जागी चक्क ‘ज्यग’. बाईंनी तो रकाना पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा काढून ठेवला. “हे बाहेर कुठे दिसणार नाही ना गं?” नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच त्यात भर घालायला सुरुवात केली. आता त्या रकान्यातल्या अशुद्धलेखनाचा त्यांना थोडा अभिमानही वाटतो, असा माझा संशय आहे.

दोन रकान्यांची एक अट असते. बोलला जाणारा शब्द पडद्यावर रंगून दिसतो, तो यंत्राने दिलेल्या शब्दागणिक वेळेवर. म्हणजे दोन्हीकडे शब्दांची संख्या जुळायला हवी. पडद्यावर ‘१२५’ आणि आवाजात ‘एकशे पंचवीस’ झालं की पुढचं सगळं वाक्य एक घर सरकून रंगतं. म्हणून आकडे पडद्यावरही अक्षरी. तसंही शिकणाऱ्याला ते तसेच हवे असतात. हिंदी येणाऱ्याला मराठीत सगळ्यात जास्त छळतात ते आकडेच.

बाकी लेखन बोलीचं ठेवायचं. ‘केले’ लिहिलं की यंत्र इमानाने ‘केले’ म्हणतं आणि भाजीवाली बातम्या वाचत असल्यासारखं वाटतं. ‘केलं’ लिहायचं. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं बघून घ्यायची. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही.

सगळ्यात जास्त वाद होतात ते आवाज नसलेल्या जागेवरून. वाक्य ऐकलं की शिकणाऱ्याने ते म्हणायला हवं, आणि त्यासाठी मोकळी जागा सोडावी लागते. संकलनाच्या पट्टीवर ती जागा भोकासारखी दिसते. छोट्या व्हिडिओंची सवय झालेला कुणीही ती कापायला बघतो. तीन सेकंद शांतता म्हणजे बघणारा अंगठ्याने पुढे गेलाच, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही. पण कापलेला धडा बघायचा कार्यक्रम होतो, म्हणायचा राहत नाही. आम्ही जागा ठेवतो. वाक्य म्हणायला जितका वेळ लागतो त्याच्या दीडपट, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर तोंड हलवणारं चित्र.

पॉल पिम्सलर या अमेरिकी भाषाशिक्षकाने १९६७ साली उजळणीचं एक वेळापत्रक मांडलं होतं. नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा यावा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, असं वाढत वाढत थेट दोन वर्षांपर्यंत. आमच्या दीड मिनिटात त्यातल्या पहिल्या दोनच पायऱ्या मावतात. ‘सुट्टे’ हा शब्द आला की पाच सेकंदांनी एकदा, मग थोड्या अंतराने दुसऱ्या वाक्यात. तिसरी पायरी पुढच्या धड्याच्या सुरुवातीला ठेवायची आणि लोक तो लगेच बघतील अशी आशा करायची.

गतीही हाताने सांभाळावी लागते. माणूस सावकाश बोलतो तेव्हा तो शब्दसमूहांमध्ये थांबतो: ‘पुढच्या सिग्नलला, डावीकडे घ्या’. यंत्राची गती कमी केली तर ते सगळंच ताणतं, स्वरसुद्धा. म्हणून गती नेहमीचीच ठेवून स्वल्पविराम वाढवायचे. आणि एकदा नीट आलेला आवाज जपून ठेवायचा, कारण नव्या पद्धतीची काही यंत्रं तोच मजकूर दरवेळी थोडा वेगळा वाचतात.

इतकं सगळं केल्यावरही काही वाक्यं यंत्राला द्यायची नाहीत, असं आता आम्ही ठरवून टाकलं आहे. ‘बरं’, ‘हो का’, ‘येतो हं’, ‘अहो, असू द्या’. ‘हो का’ हे कौतुकाने म्हणता येतं, शंकेने म्हणता येतं, समोरच्याला गप्प करायलाही म्हणता येतं. यंत्र एक सूर पकडतं आणि तोच खरा मानतं. ही वाक्यं बाई आणि त्यांचे यजमान फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात. स्पष्टीकरण यंत्राचं, संवाद माणसांचा. आवाज जोडल्याचं ऐकू येतं, पार्श्वभूमीला पंखा किंवा कुकरची शिट्टी असते, पण मी ते फार साफ करत नाही. शिकणाऱ्याला मराठी अशाच गोंगाटात ऐकायची आहे.

सध्या फाटकावरचा धडा अडलेला आहे. एका वॉचमनने मागणी केली होती: गाडी चुकीच्या जागी लावणाऱ्या साहेबांना राग न येता कसं थांबवायचं? मी लिहिलं, ‘साहेब, इथे गाडी लावू नका.’ यंत्राने ते भिंतीवरच्या पाटीसारखं वाचलं. मग ‘इथे गाडी नका लावू’ करून पाहिलं, थोडं मऊ झालं. बाईंना तेही पुरेसं वाटेना. त्यांनी ‘साहेब, इथे नका ना लावू’ असं सुचवलं, आणि त्यांच्या यजमानांचं म्हणणं, असं कुठला वॉचमन बोलतो? तो ‘साहेब, जरा पुढे घेता का’ म्हणेल, मनाई करणारच नाही. त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं. ‘जरा’तला ज दंत्य, तेवढं दुसऱ्या रकान्यात तपासायचं राहिलंय.