टिपाडभर कारंजं

सकाळी 7.15
मिस्त्रींच्या दुचाकीला मागं पोतं बांधलेलं. त्यात आरी, पंच, पाना, काचपेपर आणि ठिबकच्या नळीचे तुकडे. पाचोडच्या आसपास बारा महिने त्यांचं काम एकच: मोसंबीच्या बागांत ठिबक पसरायचं, तुंबलेले ड्रिपर साफ करायचे, उंदरानं कुरतडलेली नळी जोडायची. आजचं काम निराळं. एका बागायतदाराची नातवंडं सुट्टीला पुण्याहून आलीत आणि त्यांना कारंजं पाहिजे. मे महिना चाललाय.

सकाळी 8.00
दुकान. एक इंची चार एल्बो 60 रुपये, दोन टी 40, एक कॉक 90, सोल्यूशनची छोटी डबी 50, टेफ्लॉन टेप 20, टाकीचं निपल 60. एकूण 320. पाइप घ्यायचा नाही, वस्तीवर जुना पडलाय.
दुकानदार फॉगर दाखवतो. "लेकरांना धुकं आवडतं."
"टिपाडाच्या पाण्यावर नाही चालत," मिस्त्री परत ठेवतात. "त्याला दोन-तीन किलो प्रेशर लागतं."

सकाळी 8.50
वस्तीवर दोन टिपाडं आहेत. निळं चांगलं, जाड. मिस्त्री झाकण उघडून वास घेतात.
"यात काय होतं?"
"औषध. तीनदा धुतलंय, दादा."
"मग हे नको."
पाठीवरचा जुना फवारणी पंपही ते बाजूला सारतात. पोरांना तो हापसायला मजा आली असती. पण फवारणीचा तो फवारणीचाच. दुसरं टिपाड गुळाच्या पाकाचं, 200 लिटरचं. ते पास. जरा चिकट आहे, मिस्त्रींचा भाचा राख लावून घासतो.

सकाळी 10.00
सहा फुटी दगडी ओट्यावर टिपाड चढतं. बुडाशी भोक, त्यात निपल. 63 मिलिमीटरचा जुना पाइप मिस्त्री उभा चिरतात. दोन पन्हळी होतात. कडा सुरीसारख्या आहेत. खरा वेळ इथंच जातो: काचपेपर, बोट फिरवून बघणं, पुन्हा काचपेपर. पाऊण तास. या पाऊण तासाची मजुरी कुणाच्या लक्षातही येणार नाही.
पन्हळी जुन्या दारावर तिरक्या बसतात. एकीतलं पाणी दुसरीत आणि शेवटी खालच्या टबात पडेल अशा.

दुपारी 12.10
नातवंडांच्या आजी विचारतात, "पाणी किती लागंल याला?"
प्रश्न साधा नाही. 2012-13च्या दुष्काळात या भागातल्या बागा वाळल्या. काहींनी टँकरचं पाणी घालून झाडं जगवली. मिस्त्री हिशेब सांगतात. झाडाला चार ड्रिपर, एकेक ताशी 8 लिटरचा. म्हणजे हे टिपाड एका झाडाचं सहा तासांचं पाणी.
आजी गप्प. मग म्हणतात, "खाली पडलेलं झाडाला द्या."
भाचा टबाच्या काठाखाली भोक पाडून नळी काढतो. सांडलेलं पाणी उतारानं दोन मोसंबींच्या आळ्यांत.

दुपारी 1.30
मोटारीची थ्री फेज वीज आहे तोवर टिपाड भरून घेतात. भाकरी, ठेचा, अर्धा तास सावली. बाजूच्या शेडमधल्या मजुरांची लेकरंही येऊन बसलीत.

दुपारी 2.20
कॉक उघडला. इंची पाइपाला चार भोकं. चार धारा उडतात. जेमतेम पाच फूट.
"मोठ्या बागेतलं किती उंच जातं," मोठा नातू नाराज.
"तिथं मोटारी आहेत. इथं टिपाडातलं पाणी नऊ फुटांवर, म्हणजे पाव किलो प्रेशर. पाणी जिथून आलं त्याच्या वर जात नाही." टिपाड उतरतं तशा धाराही बसतात. कूलरचा पंप टाका, असं कुणी तरी सुचवतं. मिस्त्री ऐकत नाहीत. लेकरं पाण्यात असताना वायर नाही.
मग ते तेलाचा पाच लिटरचा कॅन घेतात. तळाशी चार भोकं, चारही भोकांत एकाच दिशेला वळवलेले नळीचे तुकडे. लिंबाच्या फांदीला सुतळीनं टांगून पाणी ओतलं. कॅन गरागरा फिरतो. टाकाऊतून खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांचा स्ट्रॉचा फवारा शाळांमधून पुष्कळांनी पाहिलाय. त्यात हातानं फिरवलं की पाणी उडतं. इथं पाणी उडतं म्हणून कॅन फिरतो. पाइपाचं कारंजं आता कुणी बघत नाही. खरं सांगायचं तर 320 रुपयांच्या सामानाला या फुकटच्या कॅननं मागं टाकलं.

दुपारी 3.00
अर्ध्या तासात टिपाड रिकामं. पुण्याची आणि शेडमधली लेकरं आता एकाच रांगेत, तांब्या घेऊन. कॅन कोण भरणार यावर भांडण. मिस्त्री पाइपाच्या एका भोकाला बूच मारतात, पुढच्या वेळी पाणी जास्त पुरावं म्हणून.

संध्याकाळी 5.40
हिशेब. मिस्त्री 800, भाचा 400, सामान 320. एकूण 1520. बागायतदार पंधराशे देतात. वीस राहू द्या, मिस्त्री म्हणतात. उद्या सात एकरांचं ठिबक आहे. पावसाच्या आधी उरकायचंय.
निघताना ते आजींना दोनच गोष्टी बजावतात, आणि घरी असं काही करणार असाल तर तुम्हीही पाळा: लेकरं पाण्यात असताना मोठं माणूस जवळ पाहिजे, आणि रात्री टब पालथा घालायचा.