रंगथरांतला प्रकाश : वासुदेव गायतोंडे

केवळ रंग आणि प्रकाश यांच्या आधारे चित्र उभे करणाऱ्या भारतीय चित्रकारांत वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांचे स्थान अग्रगण्य आहे. गोमंतकीय कुटुंबातील गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा. बालपणानंतरची वर्षे गिरगावच्या चाळीत गेली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले, तर १९७१ मध्ये पद्मश्री. १९७२ पासून ते दिल्लीत राहिले.

त्यांच्या चित्रांना सर्रास अमूर्त म्हटले जाते, परंतु हे वर्गीकरण त्यांना मान्य नव्हते. अमूर्तीकरणात आधी एखादी वस्तू असते आणि चित्रकार तिचे रूप गाळत जातो. गायतोंडे यांच्या प्रौढ चित्रांत गाळण्यासाठी वस्तूच नसते. म्हणून आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते आग्रहाने सांगत. आरंभी पॉल क्ले यांचा प्रभाव होता. पुढे झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांची ओढ राहिली.

तरीही या चित्रांतील ध्यानमग्नतेचे श्रेय निव्वळ अध्यात्माला देणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. तिचे मूळ कार्यपद्धतीत आहे. गायतोंडे रूळ आणि रंगसुरी वापरत. तैलरंगाचा पातळ थर पसरायचा, काही भाग खरवडायचा, फाटक्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, आणि पुन्हा नवा थर. पारदर्शक थरांत शिरलेला प्रकाश खालच्या उजळ थरावरून परावर्तित होऊन बाहेर येतो. त्यामुळे चित्र आतून उजळल्यासारखे भासते. कोणत्या थरावर थांबायचे, हा निर्णय घेण्यास वेळ लागे. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची रेखाटने केली.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले होते. त्याच शहरातील गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. त्याआधी २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटींहून अधिक किमतीला गेले. वृत्तपत्रांना या आकड्याचे अप्रूप अधिक. हयातभर साधेपणाने राहिलेल्या या माणसाविषयी त्यातून काही कळत नाही.

मराठवाड्यातील प्रेक्षकाची नजर अजिंठ्यावर घडलेली, त्यामुळे चित्रात कथा शोधण्याची सवय स्वाभाविक आहे. येथे ती बाजूला ठेवावी लागते. छापील प्रतिकृतीत थरांची खोली उतरत नाही, मूळ चित्रच पाहावे. नांदेड किंवा लातूरहून मुंबईस जाणाऱ्या वाचकांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन दालनात चौकशी करावी. त्या संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत, मात्र तेथील मांडणी बदलत असते. म्हणून आधी विचारून जाणे श्रेयस्कर.