बिअरचा डबा परदेशातला, कायदा मात्र इथलाच!

शिरूर-दौंड पट्ट्यातली पोरं आता शिक्षणाला, नोकरीला परदेशी जातात. तिकडं ‘घरच्या घरी बिअर करा’ असा तयार संच दुकानात उघड मिळतो. उद्या एखाद्या पोरानं किंवा पाहुण्यानं तो हौसेनं तुमच्या घरी आणला, तर काय कराल? “तिकडं चालतं, मग इथं काय होतंय?” असं म्हणणारेही गावात निघतीलच. म्हणून ही गोष्ट मुळातून समजून घेतलेली बरी.

या संचात असतं तरी काय? वीस-पंचवीस लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, खाली तोटी, वर पाण्याची छोटी नळी. ती आतली हवा बाहेर सोडते, बाहेरची आत येऊ देत नाही. बरोबर मोड आणलेल्या जवाचा, म्हणजे सातूचा, काकवीसारखा घट्ट अर्क. त्याला हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा दिलेला असतो. शिवाय यीस्टची पुडी आणि काचेचा हायड्रोमीटर. डेअरीत दूध तपासायला लॅक्टोमीटर टाकतात ना, त्याचाच हा भाऊ.

भांडी निर्जंतुक करायची, अर्क आणि साखर गरम पाण्यात विरघळवायची, गार पाणी घालून डबा भरायचा आणि कोमट झाल्यावर यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं, तिची दारू आणि कर्बवायू करतं. सुरुवातीला हायड्रोमीटर १.०४० च्या आसपास दाखवतो. आठ-दहा दिवसांत तो १.०१० पर्यंत उतरून थांबला की काम संपलं. तयार झालेल्या पेयात चार-पाच टक्के दारू असते. साखर संपायच्या आत बाटल्या भरल्या, तर आतल्या वायूनं त्या फुटून काचा अंगावर येतात. यीस्टला १८ ते २२ अंशांचा गारवा लागतो; आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. उकाड्यात यीस्ट बिघडतं आणि चवही बिघडते.

तिकडचं तिकडं, इथलं इथं

इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला पूर्वी परवाना लागायचा, तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरच्यापुरती मुभा दिली. आपल्याकडं मात्र १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे. तोच आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या ६५ व्या कलमानुसार विनापरवाना मादक पेय तयार करणं हा गुन्हा आहे. इतकंच नव्हे, तर त्यासाठी लागणारा माल, भांडी, साधनं त्या हेतूनं जवळ ठेवणं हासुद्धा गुन्हाच. शिक्षा तुरुंगवासाची आणि दंडाची.

“मी विकत नाही, घरीच पितो,” ही सबब इथं चालत नाही. दारू पिण्याचा परवाना वेगळा, करण्याचा वेगळा. पुण्यात २००९ पासून हॉटेलात ताजी बिअर गाळणारे छोटे कारखाने निघाले, पण तेही राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना घेऊनच. घरगुती बिअरसाठी असा परवाना नाही.

आणखी एक कलम शेतकऱ्यानं ध्यानात ठेवावं. आपल्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीत बेकायदा दारू गाळली जातेय हे कळलं, तर ताबडतोब खबर देण्याची जबाबदारी जमीनवाल्यावर आहे. ओढ्याकाठच्या पडीक रानात, उसाच्या आडोशाला कुणी भट्टी लावली आणि आपण “आपल्याला काय त्याचं” म्हणून गप्प बसलो, तर उद्या आपणही अडचणीत येतो. पोलीस पाटील आणि गावकामगारांवर तर खबर देण्याचं बंधन आहेच.

हातभट्टी आणि बिअर एक नव्हे, पण…

काळा गूळ आणि नवसागर घालून रसायन आंबवायचं आणि चुलीवर गाळायचं ही हातभट्टी. बिअर गाळत नाहीत, ती नुसती आंबवतात. हा फरक खरा आहे. पण आंबवलेला डबा हाताशी आला की “जरा गाळून बघू” ही बुद्धी व्हायला वेळ लागत नाही, आणि तिथून वाट घसरते.

विषारी दारूनं माणसं मरतात ती बहुतेक वेळा मिथेनॉलनं. कारखान्यात वापरायचं हे रसायन दारू कडक व्हावी म्हणून तिच्यात मिसळलं जातं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली. मरणारे रोजंदारीवरचे होते, मागं बायका-पोरं उघडी पडली. मिथेनॉल लगेच कळत नाही. बारा-चोवीस तासांनी पोटात दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांपुढं धुकं येतं. अशा माणसाला “उतरेल आपोआप” म्हणून झोपवू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीनं लपवलं, तर डोळे जातील, जीवही जाईल.

मग आंबवण्याची विद्या वाया घालवायची का?

मुळीच नाही. ज्वारीची आंबील आंबते तीही सूक्ष्म जीवांमुळेच. डबा घरात आलाच असेल, तर अर्क आणि यीस्टच्या वाटेला जाऊ नका. रिकामा डबा रानात न्या. वीस लिटर पाणी, एक किलो देशी गाईचं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून जीवामृत करा. इथं झाकण घट्ट लावायचं नाही. गोणपाट टाकून सावलीत ठेवायचं आणि दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं. दोन-तीन दिवसांत तयार होतं, ते आठवड्याच्या आत वापरून टाकावं.

सरपंच, पोलीस पाटील मंडळींनी येत्या ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटं तरी घ्यावा. कायदा माहीत नव्हता म्हणून सुटका होत नाही. गूळ आपला, घाम आपला. त्याचं काय करायचं हे शहाणपणानं ठरवलेलं बरं.